पहिलं पाऊल कुणाचं

कोर्बेली, २४ नोव्हेंबर

बार्बारे पोरी,

बरण्या मिळाल्या. धुऊन, पुसून, झाकणं घट्ट लावून आल्या. पाच वर्षं मी पत्रं पाठवते आणि तू रिकाम्या बरण्या पाठवतेस. वेशीवरच्या बायका विचारतात, "झुझुना, भाची काय लिहिते गं इटलीहून?" मी म्हणते, "लिहिते ना, पानंच्या पानं लिहिते." घरी आले की बरणी नाकाशी धरते. साबणाचा वास येतो.

नवा नंबर तू गुरामला दिलास आणि घरच्या कुणाला देऊ नकोस म्हणून त्याला त्याच्या मुलांची शपथ घातलीस. गाडी हाकणारा माणूस, पण शब्दाचा पक्का निघाला मेला. तेव्हा पत्रच लिहिते. त्याच्या गाडीतून मिरचीचं वाटण, मध आणि द्राक्षरसात बुडवलेल्या अक्रोडाच्या माळा पाठवल्या आहेत. अक्रोड कुणी सोलले ते विचारू नकोस. माझी बोटं काळी झालेली नाहीत, एवढंच सांगते.

तुझा बाप बरा आहे. निकोरा बैलही बरा आहे. दोघं म्हातारे, दोघं हेकट, आणि दोघांशी बोलून उपयोग एकच.

सण जवळ आला. तू ज्या म्हातारीचं करतेस तिला सांगितलंस का कधी, की सतरा डिसेंबरला, संत बार्बारेच्या दिवशी, आमच्या गावात कुणी कुणाच्या घरात आगंतुक शिरत नाही? की त्या पहाटे बाहेरून आत ज्याचं पहिलं पाऊल पडेल, त्याच्या पायगुणावर घराचं वर्ष जातं? हसली असेल. हसू दे. ती कशाला घाबरते ते विचार एकदा, मग आपण हसू.

त्याच दिवशी जन्मलीस म्हणून तुझं नाव संतिणीचं. तू एवढीशी होतीस तेव्हा वरच्या आळीत तुझ्या पायांवरून भांडणं व्हायची. "आधी आमच्याकडे!" "गेल्या वर्षी तुमच्याकडे होती!" पण तुझा बाप तुला पहिल्यांदा आपल्याच घरात घ्यायचा. तू झऱ्यावरून पाणी आणायचीस, उजवा पाय आत टाकायचीस, गहू उधळायचीस आणि म्हणायचीस, "पाय माझा, पाऊल देवदूताचं." मग त्याच्या खिशातून खाऊ निघायचा.

शेवटच्या वर्षीही तू तसाच पाय टाकलास. फेब्रुवारीत आपला तेमो गाडीसकट दरीत गेला. आणि मयताच्या जेवणात, अख्ख्या गावासमोर, तुझा बाप पेला हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हिच्या पायांनी माझा मुलगा खाल्ला." तू ताटावरून उठलीस ती थेट इटलीत, बारी शहरात जाऊन बसलीस.

तेव्हापासून तो कुणा माणसाला पहिलं आत घेत नाही. निकोराला घेतो. शिंगांना मेणबत्त्या लावून बैल घरात! गेल्या खेपेला त्यानं उंबऱ्यावरच शेण टाकलं. वर्ष मात्र चांगलं गेलं.

बाकी काही नाही. शाळामास्तरांची नातिया लग्न करून बातूमीला चालली आहे. मला एकटीला भेटायचंय म्हणते. बरणीतल्या टोमॅटोंची कृती हवी असेल.

तुझी
झुझुना आत्या


३ डिसेंबर

बार्बारे,

उभी असशील तर आधी बस. मी अजून बसलेलीच आहे. चूल विझली तरी उठून पेटवावीशी वाटत नाही.

नातिया आली होती. मी अंगणातल्या स्वयंपाकघरात घेवडा निवडत होते. ती समोर बसली आणि माझ्याबरोबर निवडायला लागली. खडे ठेवत होती आणि दाणे फेकत होती. मी म्हटलं, "अगं, सासरी असं करशील तर नवऱ्याचे दात पडतील." ती हसली नाही.

म्हणाली, "झुझुना आत्या, मी लग्न करून चाललेय. हे पोटात घेऊन मला दुसऱ्याच्या घरात जाता येत नाही. त्या सणाच्या आदल्या रात्री तेमो आमच्याकडे होता."

"कोण तेमो?" मी विचारलं. जसं काही गावात शंभर तेमो आहेत.

"तुमचाच. आई-बाबा कुताइसीला गेले होते. पहाटे अंधारातच निघाला. मी म्हटलं, अरे, आज सण आहे, तुझंच पाऊल पहिलं पडेल. तर म्हणाला, 'मी तर घरचा. घरच्याचं कोण धरतं?' आणि माझ्या डोक्यावर त्याची टोपी घालून गेला."

"तो मळ्यातून मागल्या दारानं आला असेल," मी म्हटलं. "किंवा आमच्या बार्बारेनंतर आला असेल." काहीतरी बोलायचं म्हणून बोलत होते.

"नाही. मी खिडकीतून बघत होते. तुमच्या पुढच्या दारात दिवा लागला आणि तो आत गेला. त्यानंतर बऱ्याच वेळानं बार्बारे कळशी घेऊन झऱ्याकडे जाताना दिसली."

हातातलं सूप कधी कलंडलं मला कळलं नाही. घेवडा सगळ्या जमिनीवर. आम्ही दोघी तो गोळा करत होतो आणि ती रडत होती. "तेव्हाच का बोलली नाहीस गं?" मी विचारलं. म्हणाली, "कुणाच्या तोंडानं बोलू? गावानं मला काय म्हटलं असतं? आणि त्याला काय म्हटलं असतं?" तिला चांगल्या दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. मग वाटलं, विशीची पोर होती.

बार्बारे, तू आत आलीस तेव्हा घरात आधीच पाऊल पडलेलं होतं. त्याचं स्वतःचं. तुला पांढऱ्या पायाची म्हटलं, तू ऐकून घेतलंस, आणि तू पहिली नव्हतीसच.

मला पुढे लिहवत नाही. हे गुरामच्या हातात देते.

झु. आत्या


७ डिसेंबर

बार्बारे,

हे तुला कळवू की नको, दोन दिवस विचार केला. कळवते. लपवायचं काम या घरात दुसऱ्या कुणीतरी पुरेसं केलं आहे.

तुझ्या बापाला सांगायच्या आधी मी टेकडीवर संत बार्बारेच्या देवळात गेले. तिच्या चित्रासमोर उभी राहिले. तुला आठवतं ना, चित्रात एका कडेला तिचा बाप उभा आहे, तलवार घेतलेला? आणि त्याला तोंड नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी, त्यांच्याही आज्यांनी, नखांनी खरवडून खरवडून तिथं नुसता चुना उरलाय. मीसुद्धा खरवडलं. नखात चुना घेऊन घरी आले.

लहानपणी तुझा बाप तुला ती गोष्ट सांगायचा. बापानं लेकीला मनोऱ्यात ठेवलं, मनोऱ्याला दोन खिडक्या, लेकीनं बाप गावाला गेल्यावर गवंड्यांकडून तिसरी पाडून घेतली, कारण ती चोरून ख्रिस्ती झालेली, तिचा देव तीन नावांचा. "मग?" तू विचारायचीस. "मग काय, तिन्ही खिडक्यांतून बघत राहिली." पुढचं तुला शाळेत कळलं, की परत आलेल्या बापानं तिला तिच्या देवापायी हाकिमाच्या हवाली केलं आणि शेवटी स्वतःच्या हातानं मारलं. तू रडत घरी आलीस. तो तुला मांडीवर घेऊन म्हणाला, "शाळेतल्यांना काय कळतंय? मी सांगतो तीच खरी."

तर मी त्याच्यासमोर गेले. तो जोडे शिवत होता. नातिया जे बोलली ते सगळं सांगितलं. मला वाटलं, हा आता कोसळेल. छातीवर हात ठेवेल. मी औषधाची बाटलीसुद्धा पदराखाली धरून गेले होते. (हो, औषध आहे. हृदयाचं. उन्हाळ्यापासून. बरा आहे असं मी लिहिलं होतं, ते सोडून दे.)

त्यानं दोरा दातानं तोडला आणि म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दार मीच उघडलं त्याला. दिवा माझ्याच हातात होता."

बार्बारे, पन्नास वर्षं मी या माणसाच्या शेजारी जेवते. माझा भाऊ कंजूस आहे, तिरसट आहे, देवासमोर टोपी काढायला विसरतो, हे सगळं मला माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

"आणि तू पोरीचं नाव घेतलंस?"

"मग मेलेल्या पोराचं घेऊ? त्याच्या कबरीवरची माती ओली होती तेव्हा! लोक म्हणाले असते, बाहेर रात्र काढून आला आणि स्वतःच्याच पायानं स्वतःला खाल्लं. त्याच्याजवळ नावाशिवाय उरलं काय होतं?"

"आणि तिच्याजवळ?"

"ती जिवंत होती," तो म्हणाला. "जिवंत माणूस सोसतो."

मी ओरडले. काय ओरडले ते लिहीत नाही, उपासाचा महिना आहे. रस्त्यावर बर्फ होता, चाकं घासून गुळगुळीत झाली होती, हे मला तेव्हाही दिसत होतं आणि त्यालाही. म्हटलं, "तुझा बर्फावर विश्वास नाही, बैलावर आहे!" त्याच्या तोंडापुढे हात नाचवला तर तो माझ्या नखांकडे बघून म्हणाला, "वर गेली होतीस ना? तिथं खरवडायला तोंड उरलं नाही म्हणून इथं आलीस?"

मी माझी वळकटी उचलली आणि अंगणातल्या स्वयंपाकघरात राहायला आले. त्याचं जेवण उंबऱ्यावर ठेवते. बोलत नाही.

आणि निकोरा बरा नाही. मेला तो, ऑक्टोबरातच.

आत्या


१७ डिसेंबर, संत बार्बारेचा दिवस

पोरी,

वाढदिवसाचा आशीर्वाद आधी, मग बाकीचं. मेणबत्ती लावली. घेवड्याच्या भाकऱ्या केल्या, उपासाच्या, चरबी न घालता. तुझ्या वाटणीची झाकून ठेवली आहे.

सकाळी ताट घेऊन दारापाशी गेले. म्हटलं, बैल तर नाही, आता हा कुणाला बोलावतो बघू. शेजारचा अंबेरकी त्याच्या नातीला कडेवर घेऊन फाटकात उभाच होता. म्हणाला, "कालिस्त्राते, घे हिला. दोन वर्षांची आहे, हिच्या पायांना अजून पाप ठाऊक नाही."

आतून आवाज आला, "थांब! कुणी पाय टाकायचा नाही."

मी म्हटलं, "भाकरी गार होतेय."

"खिडकीतून दे."

"आणि पहिलं पाऊल?"

"ती येईल तेव्हा पडेल."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी खिडकीशी गेले. तो धुतलेला सदरा घालून, दाढी करून, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला होता. घरात कुणी येणार नाही, म्हणाला. आणि तोही बाहेर येणार नाही. कारण बाहेर आला तर परत आत जाताना पहिलं पाऊल त्याचंच पडेल, आणि त्याच्या हातून घराचं काय झालं ते त्यानं पाहिलंय.

"कालिस्त्राते, ती इटलीत आहे! पाच वर्षांत एक ओळ लिहिली नाही तिनं!"

"मग वर्ष सुरू होणार नाही," तो म्हणाला आणि भाकरी खायला लागला.

अंबेरकी आ वासून उभा होता. मग त्यानं काय करावं? टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "बरोबर आहे त्याचं." नातीला घेऊन निघून गेला. या गावात वेड्याला वेडा म्हणणारा एक माणूस सापडणार नाही, कारण सगळ्यांना त्याचा हिशेब कळतो!

मलाही कळतो, हेच वाईट. बर्फावर विश्वास ठेवणारी मी, पण तो उंबरा ओलांडायला माझा पाय उचलत नाही.

आत्या


१९ डिसेंबर

बार्बारे,

हे पत्र मी खिडकीखाली उलट्या बादलीवर बसून लिहितेय. हात गारठलेत, अक्षर समजून घे.

जेवण खिडकीतून, लाकडं खिडकीतून, औषध खिडकीतून. काय उलटं नशीब बघ. गोष्टीत बाप लेकीला कोंडतो. आमच्याकडे बापानंच स्वतःला कोंडलं आणि म्हातारी बहीण गवंड्यासारखी भिंतीशी उभी. ओली लाकडं पेटत नाहीत, धूर होतो, तो खोकतो. काल तो शेगडीपाशी जमिनीवर बसलेला दिसला, ओठ निळे. "पडलास का?" म्हटलं तर म्हणाला, "बसलोय. माझंच घर आहे."

दवाखान्यातल्या नर्सबाईला आणलं. ती दारापर्यंत तरातरा गेली, हात पुढे केला, आणि थांबली. तिचं माहेर इथलंच ना. मग खिडकीशी आली आणि म्हणाली, "काका, हात बाहेर काढा." तुझ्या बापानं खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिनं अंगणात उभं राहून त्याचा रक्तदाब मोजला. निम्मा गाव कुंपणाला लागून बघत होता. त्या हाताची बोटं अजून अक्रोडाच्या सालीनं काळी आहेत. सगळ्यांना दिसली.

नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "यांना आजच्या आज कुताइसीला न्यायला हवं."

"मग आत जा आणि ने."

"मी?" ती म्हणाली. "आणि वर्षाच्या आत काही झालं तर? माझ्या पायावर?"

पाद्री आले. म्हणाले, हे धर्मात कुठंही सांगितलेलं नाही, ही खुळी समजूत आहे. मी म्हटलं, "मग जा ना आत, फादर." ते म्हणाले, देवळात मेणबत्त्या जळत ठेवून आलोय, आणि गेले.

संध्याकाळी मी त्याच्यावर ओरडून थकले. म्हटलं, "मरशील इथं! आणि मग लोक म्हणतील, न येऊनसुद्धा पोरीनं बाप खाल्ला. तेही तिच्याच माथी मारणार आहेस का?"

हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं, पोरी. खरंच आलं नव्हतं. त्याचा चेहरा मी पाहिला, तसा तेमोला आणलं त्या दिवशीही नव्हता. मग म्हणाला, "त्या गोष्टीत शेवटी काय होतं, तुला माहीत आहे?"

"माहीत आहे. त्या बापावर वीज पडते."

"हो," तो म्हणाला. "माझ्यावर तीही पडली नाही. मी बैल पाळला आणि जेवत राहिलो."

मला त्याचा राग येतो. इतका येतो की काल त्याच्या चहात साखर घातली नाही. आणि तो खोकला की मी बादलीवरून उठून खिडकीशी जाते. दोन्ही खरं आहे. तू काय करावंस ते मी सांगणार नाही. तुला तो हक्क आहे, की बरणी धुऊन परत पाठवावी आणि झालं. फक्त एवढं कर, रागावायचं असेल तर तो जिवंत असताना रागाव. मेलेल्यावर रागावून काय होतं ते आम्ही या घरात पाहिलंय.

आत्या


२० डिसेंबर, सकाळी

बार्बारे,

गुरामची गाडी फाटकात उभी आहे, म्हणून घाईत. मी त्याला म्हटलं, तुझी शपथ तुझ्याजवळ ठेव, पण सीमा ओलांडलीस की तिला फोन करून एवढं सांग की पत्र येतंय, न वाचताच चूल पेटवायला घेऊ नकोस. तो रडला मेला. कुताइसीला तिकडून थेट विमान उतरतं म्हणे, तेही सांगितलं त्यानं, जणू तुला ठाऊक नाही.

कालची रात्र निघाली. पहाटे तुझ्या बापानं खिडकी वाजवली. हातात कागद होता, जोड्याच्या खोक्याचा फाडलेला. "वाचू नकोस," म्हणाला. मी वाचला. आयुष्यात त्यानं कुणाला पत्र लिहिलेलं नाही, पोरी. सगळ्यात खाली 'तुझा बाप' असं लिहून खोडलंय आणि नाव घातलंय. तो कागद सोबत आहे, पण ओला झालाय, पेन्सिल पुसट आहे, म्हणून तसाच उतरवून देते:

'बार्बारे. तेमोला दार मी उघडलं. तुझ्या आधी. मला माहीत होतं आणि मी तुझं नाव घेतलं. त्याची गाडी मी दुरुस्त करून आणतो म्हणालो होतो, तीही आणली नाही. ज्या ताटावरून तू उठलीस ते मी धुऊ दिलं नाही, ते फडताळात आहे. गोष्टीचा शेवट शाळेतल्यांनीच खरा सांगितला. त्या वर्षी तू पहिली नव्हतीस. या वर्षी पहिली ये. कालिस्त्राते.'

कागद घेतल्यावर मी विचारलं, "आणि ती आली, आणि तू आत निपचित पडलेला असलास, तर आतली कडी कोण काढणार?"

तो म्हणाला, "कसली कडी?"

मी दाराशी गेले आणि फटीतून पाहिलं. इतके दिवस मी, अंबेरकी, नर्सबाई, पाद्री, सगळे त्या दारासमोर उभे राहून माघारी गेलो. त्याला कडी नाही, पोरी. नुसतं ढकल.

झुझुना आत्या